‘कुत्रंच तर होतं!’ म्हणण्याआधी

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. विहारात आमचा रविवारचा आरोग्यवर्ग चालू होता. वजन, बीपी, साखर, नेहमीचंच काम. रांगेत सगळ्यात शेवटी एक आई आपल्या सातवीतल्या मुलाला धरून उभी होती. म्हणाली, "सिस्टर, अकरा दिवस झाले, पोरगं धड जेवत नाही. शाळेत जायला नको म्हणतंय. रात्री उठून बसतंय. एखादं टॉनिक सांगा."

आम्ही वजन घेतलं. ताप नव्हता, खोकला नव्हता. घरात काही झालं का, असं विचारलं. आई म्हणाली, "काही नाही हो. कुत्रं मेलं आमचं. तेवढंच."

‘तेवढंच’ ऐकून पोराने मान खाली घातली. आमच्यातली एक जण त्याच्याजवळ सतरंजीवर बसली आणि तिने विचारलं, "नाव काय होतं रे त्याचं?"

"खंड्या."

मग तो अर्धा तास बोलला. खंड्या चार वर्षं त्यांच्याकडे होता. शाळा सुटायच्या वेळेला तो गल्लीच्या तोंडाशी येऊन बसायचा. शेवटच्या आठवड्यात तो खाटेखालून बाहेर येईना, खाईना. तोंडातून लाळ गळत होती, आवाज बदलला होता, जबडा लोंबत होता. आईला वाटलं घशात हाडूक अडकलं, म्हणून तिने बोटं घालून पाहिलं. तिसऱ्या दिवशी खंड्या गेला. पोरगं रडलं तर नाक्यावरची मोठी मुलं हसली. बापाने दटावलं, "कुत्र्यासाठी रडतोस? लोक काय म्हणतील?" त्या दिवसापासून पोराने घरात तोंड मिटलं.

आणि हे सगळं सांगून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मी दूध पाजत होतो तेव्हा त्याने माझं बोट चावलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. सगळे म्हणाले असते खंड्या पिसाळला. तो तसा नव्हता."

आम्हा नर्सबायांच्या अंगावर काटा आला. त्याच दुपारी आई आणि मुलगा, दोघांना आम्ही सरकारी रुग्णालयात नेलं. आईच्या बोटांवर मासळी साफ करतानाचे काप होते आणि तीच बोटं तिने खंड्याच्या तोंडात घातली होती.

आरोग्याच्या पानावर जनावराच्या मरणावर कशाला लिहायचं, असं काहींना वाटेल. एका पोराच्या रडण्यावर घर आणि गल्ली हसली आणि त्यापायी कुत्र्याच्या चाव्याची खबर अकरा दिवस दडून राहिली. म्हणून लिहितोय.

दुःख खरं असतं

वस्तीत आपण जनावर हौसेने कमी आणि सोबतीने जास्त पाळतो. पहाटे साडेतीनला भाजी मार्केटला निघणाऱ्या बाईला रिक्षापर्यंत सोडायला जातं ते गल्लीतलं कुत्रं. मुलगा-सून वेगळे राहायला गेल्यावर एकट्या आजीच्या पायाशी झोपते ती मांजर. आई-बाप दोघं कामाला गेल्यावर दार ओढून एकटं बसणाऱ्या पोराला दिवसभराची सोबत असते ती त्या मुक्या जीवाचीच. हे जनावर गेलं की घरातली जागा रिकामी होतेच, पण सगळा दिवसच बदलतो. भाकरीचा शेवटचा तुकडा बाजूला काढायला हात जातो आणि अर्ध्यावर थांबतो. पत्र्यावर पाऊल वाजलं की मांजर आली असं वाटतं.

असं वाटणं म्हणजे वेड नव्हे. जवळचं माणूस गेल्यावर शरीर जे करतं, तेच इथेही करतं. झोप उडते, भूक मरते, छातीत जड वाटतं, कामात लक्ष लागत नाही, कारण नसताना चिडचिड होते. काहींचं पित्त वाढतं, डोकं दुखतं. बीपी-शुगरचे पेशंट गोळ्या घ्यायला विसरतात. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत हळूहळू निवळतं, पण ते निवळायला कुणीतरी ऐकून घ्यावं लागतं.

अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखांवर एक पुस्तक काढलं. समाज ज्या दुःखाला दुःख मानायलाच तयार नसतो, ज्याला सुट्टी मिळत नाही, ज्यासाठी कुणी भेटायला येत नाही, त्याला त्यांनी एक वेगळं नाव दिलं. मराठीत सांगायचं तर ‘हक्क नाकारलेलं दुःख’. हक्क नाकारणं म्हणजे काय, हे आपल्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको.

हा हक्क आम्हीही नाकारला आहे. आमच्यातल्या काही जणी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, तेव्हाची गोष्ट. एक बाई धडधड होते, झोप येत नाही म्हणून आली होती. विचारलं तर म्हणाली, शेळी मेली. आम्ही हसून म्हणालो, "शेळीच ना मावशी? दुसरी घ्या." बाई गप्प झाली. आम्ही पुढचा नंबर पुकारला. त्या शेळीच्या दुधावर तिच्या नातवाचा चहा आणि विकलेल्या करडांवर शाळेची फी निघत होती, हे आम्हाला नंतर कळलं. तिचं प्रेमही गेलं होतं आणि आधारही गेला होता. दुसरी शेळी घ्यायला पैसे कुठून आणणार, हे आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं. चूक आमची होती.

‘पैसे असते तर वाचला असता’

आपल्या घरांतल्या या दुःखात आणखी एक बोच असते. डॉक्टरकडे न्यायला पैसे नव्हते, किंवा रोज बुडवून जाता आलं नाही. मग ‘मीच मारला त्याला’ असं मनात घोळत राहतं. आम्ही अशा माणसाला एकच सांगतो, तुमच्याकडे जे होतं ते तुम्ही त्याला दिलं. तुमच्या ताटातलं दिलं, तुमच्या छपराखाली ठेवलं. कमी पडले ते पैसे. प्रेम कमी पडलं नाही.

पुढच्या वेळेसाठी मात्र एवढं माहीत असू द्या. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात खासगीपेक्षा खूप कमी खर्च येतो. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जुनं जनावरांचं हॉस्पिटल आहे. आपल्या भागातला जवळचा दवाखाना कुठे आहे, हे जनावर आजारी पडायच्या आधीच विचारून ठेवा.

मुलांना खरं सांगा

मुलं लहान आहेत म्हणून आपण सांगतो, "तो गावाला गेला", "झोपलाय". झोपलाय म्हटलं की काही मुलं स्वतः झोपायला घाबरतात. गावाला गेला म्हटलं की रोज दारात वाट बघत बसतात. आणि खरं बाहेरून कळलं की आपल्यावरचा विश्वास जातो. तेव्हा साध्या शब्दांत सांगा. मोती मेला. त्याचं शरीर बंद पडलं. आता त्याला दुखत नाही, तो परत येणार नाही. मुलाच्या शिव्यांमुळे किंवा मारल्यामुळे तो मेलेला नाही, हेही सांगा. मुलं हे मनात धरून बसतात आणि विचारत नाहीत.

किसा गौतमीची कथा आपण विहारात ऐकतो. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. तथागतांनी तिला "रडू नकोस" म्हटलं नाही. ज्या घरात कधी कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आण, असं सांगून घरोघर पाठवलं. दारोदार तिला प्रत्येकाच्या घरचं मरण ऐकायला मिळालं आणि तिचं तिलाच उमजलं. आम्हाला यात आरोग्याची गोष्ट दिसते. दुःखी माणसाला गप्प करू नये, त्याला माणसांत न्यावं.

घरी करण्यासारख्या साध्या गोष्टी आहेत. मुलाला त्या जनावराचं चित्र काढू द्या. मोबाइलमधला एखादा फोटो काढून भिंतीला लावा. जेवताना त्याची एखादी खोडी आठवून हसा. पट्टा, वाटी लगेच फेकू नका. ठेवायचं की द्यायचं, ते मुलाला ठरवू द्या.

आजोबांनी हात का लावला नाही

खंड्याच्या घरी आम्ही नंतर गेलो, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. खंड्या सकाळी मेला, पण दुपारपर्यंत दारातच पडून होता. बाप कामावर होता. आजोबा घरात होते, तरी त्यांनी हात लावला नाही. शेवटी गल्लीतल्या पोरांनी पोत्यात घालून त्याला नाल्यात टाकलं. नातवाने ते पाहिलं. त्याच्या मनात आजोबांवर राग होता.

आजोबा आम्हाला म्हणाले, "माझा बाप गावची मेलेली ढोरं ओढायचा. मी लहान असताना त्याच्यामागे चालायचो. बाबासाहेबांनी सांगितलं आणि आम्ही ते काम टाकलं. मेलेल्या जनावराला पुन्हा हात लावणार नाही, अशी मी शपथ घेतली होती. कुत्रं आमचं होतं, मला का कळत नाही? पण हातच पुढे झाला नाही."

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचं मांस सोडण्याचं आवाहन केलं. पुढे गावोगाव आपल्या माणसांनी ढोरं ओढणं बंद केलं आणि त्यापायी मार आणि बहिष्कार सोसला. आजोबांचं आखडलेले हात हा त्या इतिहासाचा भाग आहे. त्यांना कुणी निष्ठुर म्हणू नये.

पण फरकही समजून घेऊ. ते काम दुसऱ्याच्या मालकीचं, दुसऱ्याच्या हुकमाचं, जातीवर लादलेलं होतं. आपल्या घरच्या सोबत्याला आपण आपल्या मर्जीने निरोप देतो, ते वेगळं आहे. ज्यांना जमणार नाही त्यांनी करू नये, घरातल्या दुसऱ्याने करावं.

आणि आपण ते नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकलं तर शेवटी कुणाला उचलावं लागतं? सफाई कामगाराला. तो बहुतेक वेळा आपलाच भाऊ असतो, आणि त्याच्या हातात धड मोजे नसतात. म्हणून हे नीट करा.

हातात मोजे किंवा जाड प्लास्टिकची पिशवी घाला. शरीर जुन्या चादरीत गुंडाळून जाड पिशवीत बंद करा. तोंडाजवळ, लाळेला हात लावू नका. जागा साबणाच्या पाण्याने आणि नंतर ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा, हात साबणाने धुवा. शहरात महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला कळवा. मुंबईत महापालिकेने २०२३ साली मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनाची सोय सुरू केली आहे. गावाकडे स्वतःची जागा असेल तर विहीर, बोअर, ओढ्यापासून लांब, किमान तीन फूट खोल खड्डा करून पुरा आणि वर दगड ठेवा. जनावर संशयास्पद आजाराने मेलं असेल तर न्यायला येणाऱ्या कामगाराला ते स्पष्ट सांगा. खरं तर अशा वेळी आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. रेबीज होता की नाही हे मेंदूच्या तपासणीतूनच पक्कं कळतं, आणि शरीर नाल्यात गेलं की ती वाट बंद होते.

रडता रडता हे तपासा

कुत्रं किंवा मांजर काही दिवसांच्या आजारात मेलं आणि त्याआधी त्याचं वागणं बदललं होतं, तर रेबीजचा विचार करायलाच हवा. पिसाळलेलं कुत्रं नेहमी धावून चावतं असं नाही. रेबीजचा एक प्रकार मुका असतो. कुत्रं अंधारात लपतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो, पाय लटपटतात. घशात काही अडकलं असं समजून मायेपोटी माणसं तोंडात हात घालतात. ती माया जीवावर बेतू शकते.

घरात प्रत्येकाला विचारा, लहानांना आधी विचारा. चावला का? दात किंवा नख लागलं का? जखमेवर, ओठांवर, डोळ्यात लाळ गेली का? विचारताना ओरडू नका आणि "पिसाळलेलं कुत्रं" असं म्हणू नका. मूल आपल्या मित्राची बदनामी होऊ नये म्हणून लपवतं. त्याला सांगा, "तो आजारी होता. आजारात त्याला कळलं नसेल. त्याची चूक नाही, तुझीही नाही."

चावा किंवा ओरखडा ताजा असेल तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. हळद, तिखट, चुना, तंबाखू काही लावू नका. पट्टी घट्ट बांधू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. लस तिथे मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना काळ झाला. आता लस दंडात देतात. सरकारी रुग्णालयात बहुधा पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी बोलावतात. पहिला डोस मिळतो तो शून्य दिवस धरतात. रक्त आलेली जखम असेल किंवा जखमेवर लाळ गेली असेल, तर लशीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती आणखी एक इंजेक्शन लागतं, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते मिळालं का, हे विचारून घ्या. गरोदर बाईनेही लस घ्यायची असते.

"आता उशीर झाला" म्हणून घरी बसू नका. रेबीजची लक्षणं बहुतेकांत एक ते तीन महिन्यांत दिसतात, कधी त्याआधी, कधी पुष्कळ नंतर. लक्षणं दिसायच्या आधी लस घेतली तर जीव वाचतो. लक्षणं सुरू झाली की जवळजवळ कुणीच वाचत नाही.

आणि उगाच घाबरूही नका. धड कातडीवर हात फिरवल्याने किंवा खाऊ घातल्याने रेबीज होत नाही.

दुसरं कधी आणायचं?

दुसऱ्याच दिवशी नवं पिल्लू आणून दुःखावर झाकण घालू नका. मुलाला वाटतं, आपला मित्र बदलून मिळणारी वस्तू होती. घर तयार झालं की आणा, आणि आणायचं की नाही हे सगळ्यांनी मिळून ठरवा. पिल्लू रक्ताच्या जुलाबाने, म्हणजे पार्वोने मेलं असेल, तर आणखी सांभाळा. तो आजार माणसाला होत नाही, पण त्याचा विषाणू जमिनीत आणि भांड्यांत कित्येक महिने टिकतो. फरशी, वाटी ब्लीचिंगने धुवा आणि लस न घेतलेलं पिल्लू लगेच त्या जागी आणू नका. नव्या पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्या, आणि दरवर्षी देत राहा.

मदत कधी मागायची

महिना उलटूनही माणूस जेवत-झोपत नसेल, कामावर किंवा शाळेत जाणं बंद असेल, दारू वाढली असेल, ‘मी जगून काय करू’ असं बोलत असेल, तर थांबू नका. हे शेवटचं वाक्य ऐकलं तर महिनाही थांबू नका. एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे जास्त लक्ष द्या. त्या मांजरीच्या जाण्याने नवरा, मुलगा, जुने सगळे मृत्यू परत वर येतात. टेलि-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे. दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

खंड्याच्या घरची सगळी मंडळी आज बरी आहेत. खंड्याला रेबीज होता की नाही, हे कधीच कळणार नाही. मायलेकांनी चारही डोस पुरे केले. शेवटच्या डोसला आजोबाही सोबत आले होते. रुग्णालयाच्या बाकावर नंबर यायला दोन तास लागले. त्या दोन तासांत त्यांनी नातवाला आपल्या बापाची, गावच्या ढोरांची आणि आपल्या शपथेची सगळी गोष्ट सांगितली. नातू ऐकत होता. मग म्हणाला, "आजोबा, मला आधी सांगायचं ना."

आजोबा म्हणाले, "तू तरी कुठं सांगितलंस बोटाचं?"

या आठवड्यात तुमच्या गल्लीत कुणाचं जनावर गेलं असेल, तर पाच मिनिटं त्यांच्या दारात जाऊन बसा. त्याचं नाव विचारा. आणि मग त्यांची बोटं बघा.